उपयोगाची कसोटी : लोकोपयोगी ड्रोन-स्पर्धा कशी भरवावी

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात, ब्रिस्बेन शहराच्या वायव्येस सुमारे २१० किलोमीटर अंतरावर, किंगरॉय नावाचे एक गाव आहे. भुईमुगाच्या पिकासाठी ते त्या देशात प्रसिद्ध असून शेंगा साठविण्याच्या उंच कोठारांवरून ते दुरूनही ओळखू येते. या गावाच्या लहानशा विमानतळाच्या परिसरात सन २००७ मध्ये एका माणसाचा शोध सुरू झाला. हा माणूस वाट चुकला होता, तहानेने व्याकूळ झाला होता आणि त्याच्या अंगी चालण्याचे त्राण उरले नव्हते. त्याचे नाव जो.

जो हा खरा माणूस नव्हता. सदरा, विजार आणि रुंद काठाची टोपी घातलेला तो एक पुतळा होता. परंतु त्याच्यावर ओढवलेला प्रसंग मात्र केवळ कल्पनेतला नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या विस्तीर्ण व विरळ वस्तीच्या अंतर्भागात वाट चुकलेले प्रवासी पाण्यावाचून प्राणास मुकल्याची उदाहरणे घडलेली आहेत. अशा माणसाला हुडकून काढावयाचे आणि त्याला निदान अर्धा लिटर पाणी पोहोचवावयाचे, आणि हे सारे काम ज्यात वैमानिक बसलेला नाही अशा विमानाकडून करून घ्यावयाचे, अशी ती स्पर्धा होती. संपूर्ण काम तडीस नेणाऱ्या संघासाठी ५०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरांचे पारितोषिक ठेवण्यात आले होते.

सन २०१२ पर्यंत या मैदानावर अनेक संघ उतरले. परंतु संपूर्ण कामगिरी एकालाही साधली नाही. अखेर सन २०१४ मध्ये कॅनबेरा येथील हौशी तंत्रज्ञांच्या ‘कॅनबेरा यू. ए. व्ही.’ या संघाने जोला शोधून त्याच्यापर्यंत पाणी पोहोचविले व पारितोषिक मिळविले. त्या वर्षी हे काम पार पाडणारा तो एकटाच संघ नव्हता, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सात वर्षे जे कोणालाच जमले नाही ते एकाच वर्षी एकाहून अधिक संघांना कसे जमले? या प्रश्नाच्या उत्तरातच लोकोपयोगी स्पर्धा कशी भरवावी याचे मर्म दडलेले आहे.

ड्रोन म्हणजे काय?

ज्यात वैमानिक नसतो, जे जमिनीवरून चालविले जाते किंवा आधी नेमून दिलेल्या मार्गाने आपले आपण उडते, अशा विमानाला सामान्यतः ड्रोन म्हणतात. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला प्रकार स्थिर पंखांच्या विमानाचा. पुढे जाण्याच्या वेगामुळे त्याच्या पंखांना उचल मिळते. म्हणून ते थोड्या इंधनात लांबवर जाते, परंतु एका जागी थांबू शकत नाही. दुसरा प्रकार अनेक पंख्यांच्या ड्रोनचा. तो जागच्या जागी वर चढतो, हवेत स्थिर राहतो आणि अंगणाएवढ्या जागेत उतरतो. परंतु स्वतःचा सारा भार पंख्यांच्या जोरावर सतत तोलून धरावा लागत असल्यामुळे त्याची विद्युत्-घटमाला लवकर संपते.

दोन्ही प्रकारांत यंत्राचा तोल राखण्याचे काम एक लहानसा संगणक करतो. यंत्र किती झुकले, किती वळले, हवेचा दाब किती आहे आणि उपग्रहांच्या संदेशांवरून यंत्राचे स्थान कोणते, ही माहिती त्याला प्रत्येक सेकंदास अनेक वेळा मिळत असते. ही मापके पूर्वी अवजड व महाग होती. खिशातल्या दूरध्वनीत बसविण्यासाठी ती कोट्यवधींनी तयार होऊ लागली, तेव्हा ती इतकी लहान व स्वस्त झाली की, एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेलाही ती परवडू लागली. ड्रोनचा प्रसार एवढ्या झपाट्याने होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

न जिंकलेले पारितोषिक

पारितोषिक लावून अवघड काम करून घेण्याची रीत विमानविद्येला नवी नाही. सन १९५९ मध्ये हेन्री क्रेमर या उद्योगपतीने केवळ माणसाच्या स्नायूंच्या बळावर उडणाऱ्या विमानासाठी पारितोषिक जाहीर केले. अर्धा मैल अंतरावर उभारलेल्या दोन खांबांभोवती इंग्रजी आठच्या अंकासारखा फेरा पुरा करावयाचा, ही मुख्य अट होती. पारितोषिकाची रक्कम पुढे ५०,००० पौंडांपर्यंत वाढविण्यात आली, तरी अठरा वर्षे ते कोणाच्याही हाती लागले नाही. सन १९७७ मध्ये पॉल मॅक्रेडी या अमेरिकन अभियंत्याच्या ‘गॉसमर कॉन्डॉर’ या विमानाने ते मिळविले.

मॅक्रेडी यांच्या यशाचे रहस्य असे की, त्यांनी विमान सुंदर करण्यापेक्षा लवकर दुरुस्त होईल असे केले. पातळ नळ्या, तारा आणि पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा यांचे ते विमान पडले तरी थोड्याच वेळात पुन्हा उभे राही. इतरांना एका अपघातानंतर महिनोन्महिने थांबावे लागे. मॅक्रेडी यांना लवकरच पुढचा प्रयोग करता येई. अट अवघड पण स्पष्ट असली, आणि ती वर्षानुवर्षे बदलली नाही, तर प्रत्येक अपयश पुढच्या प्रयत्नाची पायरी होते, हा धडा या उदाहरणावरून मिळतो.

किंगरॉयच्या स्पर्धेत हेच घडले. ‘कॅनबेरा यू. ए. व्ही.’ या संघाने आपल्या विमानात वापरलेली संगणकीय आज्ञावली सर्वांना खुली होती. कोणीही ती घ्यावी, तपासावी, सुधारावी, अशी तिची रीत होती. संघाने आपल्या चुकाही उघडपणे लिहून प्रसिद्ध केल्या. पहिल्या संघाला जी चूक महिनाभर छळते ती दुसऱ्या संघाला एका संध्याकाळच्या वाचनाने टाळता येते. ज्ञान असे वाटले गेले म्हणजे साऱ्या मैदानाचीच पातळी वर चढते.

एका शोधाचे गणित

जोला शोधणे इतके अवघड का होते, हे थोड्या आकडेमोडीने स्पष्ट होईल. समजा, चार किलोमीटर लांब व तीन किलोमीटर रुंद असा एक माळ पालथा घालावयाचा आहे. विमान १०० मीटर उंचीवरून उडत आहे आणि त्याच्या कॅमेऱ्याला एका वेळी जमिनीचा १०० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. मध्ये जागा सुटू नये म्हणून शेजारचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवावे लागतात. तेव्हा दर ८० मीटरांवर एक फेरी धरू. तीन किलोमीटर रुंदीला ३८ फेऱ्या लागतील, आणि प्रत्येक फेरी चार किलोमीटरांची असल्यामुळे एकूण १५२ किलोमीटर उडावे लागेल. ताशी १०० किलोमीटर वेगाने या कामास दीड तास लागेल. वळणांचा वेळ यात धरलेला नाही.

दर सेकंदास एक याप्रमाणे या वेळात सुमारे ५,४०० छायाचित्रे निघतील. चित्राच्या रुंदीत २,००० बिंदू असले, तर एक बिंदू जमिनीवरील पाच सेंटिमीटर जागा दाखवितो. म्हणजे १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस आडवा पडला असता त्या चित्रात अवघ्या ३४ बिंदूंएवढा लांब दिसेल. हजारो चित्रांत खडक, ओंडके, गुरे आणि सावल्या यांच्या गर्दीतून हा ठिपका हेरणे माणसाच्या थकलेल्या डोळ्यांना अशक्यप्राय आहे. म्हणून संगणकाने प्रथम संशयास्पद ठिपके निवडावेत आणि माणसाने शेवटचा निर्णय द्यावा, अशी कामाची वाटणी करावी लागते.

ठिपका सापडला तरी काम संपत नाही. चित्र घेण्याच्या क्षणी विमान पाच अंशांनी कललेले असेल आणि तो कल हिशेबात धरला गेला नाही, तर १०० मीटर उंचीवरून जमिनीवरील स्थान जवळजवळ नऊ मीटरांनी चुकते. चित्राची वेळ व स्थानाची वेळ यांत एका सेकंदाची तफावत पडली, तर चूक २८ मीटरांची होते. कारण ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका सेकंदात तेवढे अंतर कापते.

आता पाणी टाकावयाचे. शंभर मीटर उंचीवरून सोडलेली बाटली, हवेचा विरोध सोडून दिल्यास, साडेचार सेकंदांत जमिनीवर येते. तेवढ्या वेळात ती विमानाच्या वेगाने १२६ मीटर पुढे जाते. अर्थात ती जोच्या डोक्यावर आल्यावर नव्हे, तर १२६ मीटर आधीच सोडली पाहिजे. सेकंदास पाच मीटर वेगाचा वारा पाठीशी असेल, तर हेच अंतर सुमारे १४९ मीटर होते. बाटली फार दूर पडली तर चालू न शकणाऱ्या माणसाला तिचा उपयोग नाही. थेट अंगावर पडली तर वाचविण्यास गेलेल्यांकडूनच त्याला इजा व्हावयाची. जमिनीवर आपटून ती फुटली तर सारा खटाटोप व्यर्थ.

या एका कामात भूमिती, गतिशास्त्र, प्रकाशचित्रण, संगणन व वाऱ्याचा अभ्यास या सर्वांची एकत्र परीक्षा होते. आणि निकालाबद्दल वाद उरत नाही. जोजवळ पाणी पोहोचले की नाही, हे कोणीही पाहून सांगू शकतो. चांगल्या स्पर्धेचे काम असेच असावे : गरज खरी, नियम थोडके आणि निकाल डोळ्यांना दिसणारा.

विमान गमावण्याची तयारी

किंगरॉयच्या नियमांतील सर्वांत कठोर नियम जिंकण्याविषयी नव्हता, हरण्याविषयी होता. उड्डाणासाठी आकाशाची एक सीमा आखून दिलेली असे. विमान ती सीमा ओलांडून गेले, तर ते वाचविण्याचा प्रयत्न न करता तत्काळ खाली आणावयाचे. यासाठी विमानातच स्वयंचलित योजना असावी लागे. स्थिर पंखांच्या विमानात इंजिन बंद व्हावे, शेपटीवरील उभे सुकाणू एका बाजूस पूर्ण वळावे, आडवी पट्टी पूर्ण वर उचलली जावी आणि पंखांच्या झडपा पूर्ण फिराव्यात, अशी ती रचना असे. त्यामुळे विमान सरळ तरंगत दूर न जाता गिरक्या घेत जवळच कोसळते.

कित्येक महिन्यांच्या श्रमांनी बांधलेले यंत्र आपल्याच हातांनी असे पाडण्याची सोय करून ठेवणे कोणत्याही संघाला जड जाणारच. परंतु सीमेपलीकडे शेते, रस्ते व घरे आहेत, आणि तेथील माणसांनी स्पर्धेत भाग घेतलेला नाही. त्यांच्या माथ्यावर भरकटलेले यंत्र येऊ न देणे हा आयोजकांचा पहिला धर्म होय. जमिनीवरील केंद्राशी संपर्क तुटल्यास विमानाने काय करावे, उपग्रहांचे संदेश बंद पडल्यास काय करावे, इंजिन थांबल्यास काय करावे, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर संघांना उड्डाणापूर्वी लेखी द्यावे लागे. ज्या संघाची उत्तरे समाधानकारक नसत त्याला मैदानावर उतरता येत नसे.

या कडकपणामुळे काही संघांची निराशा झाली असेल; परंतु वर्षानुवर्षे स्पर्धा चालू राहिली ती या कडकपणामुळेच. लोकांचा विश्वास एका अपघाताने जातो आणि दहा यशस्वी उड्डाणांनी परत येत नाही.

काम जुने झाले की नवे काम

सन २०१४ नंतर आयोजकांनी तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेतले नाही. सन २०१६ मध्ये क्वीन्सलंडमधीलच डॅल्बी या गावी नवी समस्या मांडली गेली. या वेळी जो पुराने वेढलेल्या एका दूरच्या शेतावर आजारी पडलेला होता, अशी कल्पना होती. ड्रोनने त्याच्याजवळ आपणहून उतरावयाचे, त्याच्या रक्ताचा नमुना घ्यावयाचा व पुन्हा उडून परत यावयाचे. उतरलेल्या यंत्राजवळ माणूस जाणार, म्हणून त्या वेळी पंखे पूर्ण थांबलेले असणे अत्यावश्यक झाले. काम बदलताच सुरक्षिततेचा प्रश्नही बदलला. विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या आवाक्यातील वेगळी स्पर्धाही ठेवण्यात आली होती. त्यामुळे शाळेतील मुलांना मोठ्यांच्या स्पर्धेत केवळ प्रेक्षक म्हणून उभे राहावे लागले नाही.

आपल्या गावी अशी स्पर्धा

भारतातही ड्रोनच्या उपयोगाचा प्रत्यय आलेला आहे. दिनांक ४ ऑक्टोबर २०२१ रोजी मणिपूरमध्ये विष्णुपूर येथील जिल्हा रुग्णालयातून लोकताक सरोवरातील कारांग बेटावर ड्रोनने कोविड रोगाची लस नेण्यात आली. हे अंतर रस्त्याने २६ किलोमीटर भरते. हवेतून ते १५ किलोमीटर असून १२ ते १५ मिनिटांत कापले गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हाती घेतलेल्या या उपक्रमामागे बेटावरील माणसांची गरज होती. यंत्र आधी आणि गरज मागून, असा तो प्रकार नव्हता.

एखाद्या शाळेने, ग्रंथालयाने किंवा विज्ञान-मंडळाने स्पर्धा भरवावयाचे ठरविले, तर आरंभ याच ठिकाणी करावा. प्रथम ड्रोन पाहू नये. आपला परिसर पाहावा. अग्निशामक दलाचे जवान, प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका, शेतकरी, वनरक्षक व पाटबंधारे खात्याचे कर्मचारी यांना एकत्र बोलावून, जेथे माणूस वेळेवर पोहोचू शकत नाही असे काम कोणते, हे त्यांना विचारावे. पुराच्या वेळी कोणत्या घरांच्या छपरांवर माणसे अडकली आहेत? बंधाऱ्याला भेग कोठे पडली आहे? डोंगरावरचा वणवा कोणत्या दिशेने सरकत आहे? अशा प्रश्नांतून स्पर्धेचे काम निवडावे आणि परीक्षकांतही याच मंडळींना स्थान द्यावे.

काम लहान असले तरी चालते. शाळेच्या मोठ्या मैदानावर पुरात अडकलेल्या माणसांच्या जागी रंगीत कापडाचे काही तुकडे पसरावेत. काही झाडाखाली अर्धवट झाकलेले असावेत. काही तुकडे फसविण्यासाठी मुद्दाम वेगळ्या रंगाचे असावेत. प्रत्येक संघाने अर्ध्या तासात मैदानाची छायाचित्रे घेऊन, सापडलेल्या माणसांच्या खुणा कागदी नकाशावर करून परीक्षकांच्या हाती द्याव्यात. येथे गुण देताना एक सूक्ष्म विचार हवा. सापडलेल्या प्रत्येक माणसास गुण द्यावेत हे उघड आहे. परंतु जेथे कोणी नाही तेथे माणूस दाखविला, तर गुण कापलेही पाहिजेत. खऱ्या पुरात अशा चुकीच्या खुणेमागे बचावाची नाव जाते आणि तेवढा वेळ दुसरीकडे कोणीतरी पाण्यात उभा असतो.

कायद्याचा विचारही आरंभीच करावा लागतो. भारतात सन २०२१ मध्ये ड्रोनविषयक नियम करण्यात आले. त्यांत ड्रोनचे वजनानुसार वर्ग पाडले असून २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्रांस नॅनो आणि त्यापुढे दोन किलोग्रॅमपर्यंतच्या यंत्रांस मायक्रो म्हटले आहे. नॅनो यंत्रासाठी, तसेच व्यवसायासाठी नसलेल्या मायक्रो यंत्रासाठी, चालकाला प्रमाणपत्र लागत नाही, अशी सवलत त्यांत देण्यात आली. आकाशाचेही हिरवा, पिवळा व लाल असे विभाग केलेले आहेत. विमानतळाजवळचा किंवा संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पिवळ्या अथवा लाल विभागात येतो आणि तेथे परवानगीवाचून उडता येत नाही. नियमांत वेळोवेळी सुधारणा होत असते. म्हणून स्पर्धेची तारीख ठरविण्यापूर्वी मैदानाचा विभाग, चालू नियम व स्थानिक पोलिसांची सूचना, या तिन्ही गोष्टी आयोजकांनी पाहून घेतल्या पाहिजेत.

मैदानाची आखणी साधी पण काटेकोर असावी. प्रेक्षक एका बाजूस, उड्डाण दुसऱ्या बाजूस, आणि मध्ये मोकळी जागा. प्रेक्षकांच्या डोक्यावरून कोणतेही यंत्र जाता कामा नये. उड्डाण थांबविण्याचा अधिकार एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावा आणि तिचा शब्द अखेरचा असावा. वारा ठरावीक मर्यादेपलीकडे वाढला तर स्पर्धा पुढे ढकलावी. आकाशातून घेतलेल्या चित्रांत शेजारच्या घरांची अंगणेही येतात. ज्यांनी आपले चित्र काढण्यास संमती दिलेली नाही त्यांची चित्रे गुण देऊन झाल्यावर नष्ट करावीत आणि तसे आधीच जाहीर करावे.

ज्या शाळेजवळ ड्रोन नाही तिलाही भाग घेता यावा. फेऱ्यांची संख्या, लागणारा वेळ, चित्रांची संख्या व संपर्क तुटल्यास करावयाची उपाययोजना यांचा आराखडा कागदावर करणे ही स्पर्धेची पहिली फेरी ठेवता येईल. किंगरॉयच्या मैदानावरही संघांना कागदाची परीक्षा आधी आणि आकाशाची परीक्षा मागून द्यावी लागे.

स्पर्धा संपल्यावर प्रत्येक संघाने आपण काय केले, काय चुकले व पुढच्या वेळी काय करू, हे दोन पानांत लिहावे आणि ती पाने ग्रंथालयात सर्वांसाठी ठेवावीत. पुढील वर्षी येणारे विद्यार्थी तेथून आरंभ करतील. एखाद्या वर्षी संपूर्ण काम कोणालाच साधले नाही, तर पारितोषिक राखून ठेवण्यास संकोच वाटू देऊ नये; अट सैल करून ते वाटून टाकू नये. पुतळ्याला पाणी न मिळाल्याने कोणाचेही नुकसान होत नाही. परंतु पाणी कसे पोहोचवावे हे ज्यांनी त्या पुतळ्याच्या निमित्ताने खरोखर शिकून घेतले, त्यांच्या हातचे पाणी उद्या खऱ्या तहानलेल्या माणसापर्यंत पोहोचण्याचा संभव असतो.